जेवल्यावर अर्ध्या तासात उलटी? आधी भांडं बघा

जेवण उरकलं, अजून बडीशेप तोंडात आहे आणि कोणाला तरी मळमळायला लागलं की आपण लगेच पनीरवर नाहीतर बाहेरून आणलेल्या मिठाईवर खापर फोडतो. पण एवढ्या लवकर उलटी झाली ना, की आधी तो पदार्थ ज्यात ठेवला होता ते भांडं उलटंपालटं करून बघायचं. हे मी शिकले ते आमच्याच घरच्या मठ्ठ्यावरून.

दोन वर्षांपूर्वी घरी वास्तुशांत होती, ऐंशी-नव्वद पानं. मठ्ठा सकाळी आठलाच घुसळून आलं-कोथिंबीर-मीठ घालून पितळेच्या मोठ्या हंड्यात भरून ठेवला, हंडा भाड्याने आणलेला, बाहेरून चिंचेने घासून असा लखलखीत की लोक फोटो काढत होते. पहिली पंगत बसली साडेबाराला. एकच्या सुमारास तीन पोरं ओकली, मग माझी चुलत जाऊ, मग एकेक करत चौदा जण. ताप कोणालाच नाही, जुलाब एक-दोघांनाच, नुसत्या उलट्या आणि पोटात पिळवटल्यासारखं. एक पोरगा म्हणाला की ताक नाणं चाटल्यासारखं लागत होतं, आणि ज्यांनी बाकी सगळं जेवून मठ्ठा घेतला नव्हता ते ठणठणीत. उरलेला मठ्ठा ओतून टाकला तेव्हा दिसलं, आत जिथपर्यंत ताक होतं तिथे कडेने हिरवट निळं वलय आणि तळाला कल्हईचा, म्हणजे आतून दिलेल्या कथलाच्या मुलाम्याचा पत्ता नाही, थेट पिवळं पितळ. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कळकलं गं ताक."

कळकणं म्हणजे भांड्याचा धातू उतरून पदार्थ बिघडणं. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, कारण घराघरात स्टील आलं आणि कळकण्याचा प्रश्नच मिटला. पण गेल्या काही वर्षांत पितळ-तांब्याची फॅशन परत आलीये, ऑनलाइन सेट मिळतात, रील्स बघून लोक आजीच्या माळ्यावरचे टोप खाली काढतात, आणि भांडं परत आलं तरी ते वापरायचं ज्ञान काही त्याच्यासोबत बॉक्समध्ये येत नाही. म्हणून हे लिहितेय.

नक्की होतं काय

आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की धातू त्यात उतरतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यामुळे दोन्ही उतरतात. किती उतरणार हे चार गोष्टींवर: आंबटपणा, मीठ, गरमपणा आणि वेळ. यातली वेळ आपण सगळ्यात जास्त विसरतो. कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात आमटी उकळून लगेच वाढली तर काही बिघडत नाही, तीच आमटी रात्रभर त्यात राहिली तर मात्र गडबड. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते म्हणून मुद्दाम शिळी करतात ना, ती चिंचेची असते हे लक्षात ठेवा, शिजवायची तर शिजवा पितळेत पण गॅस बंद केला की स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात काढून ठेवा. शिजवायचं भांडं वेगळं आणि साठवायचं वेगळं, निम्मं काम इथेच होतं.

तांब्याने उलटी होणं साहजिकच आहे म्हणा, मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ आणि पूर्वी विष पोटात गेलं की उलटी काढायला तेच वापरायचे. आता कोणी वापरत नाही, धोक्याचं आहे ते, तुम्हीही असला प्रकार करू नका.

जंतू की धातू, कसं ओळखायचं

घड्याळ बघा. तांबं किंवा जस्त जास्त पोटात गेलं तर साधारण पंधरा मिनिटांपासून एक-दोन तासांत उलटी सुरू होते, तोंडात धातूची चव येते, लाळ सुटते, ताप नसतो. कधीकधी उलटीचा रंगच हिरवट निळा असतो. साल्मोनेलासारखे जंतू असतील तर निदान सहा तास जातात, बऱ्याचदा दुसरा दिवस उजाडतो आणि ताप, जुलाब सोबत येतात. मधली केस फसवी आहे, दुधाच्या मिठाया, खीर, जास्त वेळ बाहेर राहिलेला भात यात जंतूंनी आधीच विष तयार करून ठेवलेलं असतं आणि तेही एक ते सहा तासांत उलटी काढतं. म्हणजे नुसत्या घड्याळावर भांड्याला फाशी द्यायची नाही. घड्याळ, चव आणि भांड्याच्या आतला रंग, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतायत का ते बघा.

कल्हई आहे की गेली

मोबाईलचा टॉर्च लावा आणि भांड्याच्या आत बघा, तळ आणि बुडाचा कोपरा खास, कारण घासणी तिथेच जोरात फिरते. कल्हई असेल तर रंग चंदेरी पांढरा, जुनी झाली की राखाडी. पिवळे किंवा गुलाबी तांबूस डाग दिसले म्हणजे तिथे कल्हई गेली. भांडं काळवंडलंय आणि काही समजत नसेल तर लिंबाची फोड मीठ लावून त्या जागेवर मिनिटभर घासा, काळं निघून खालून पिवळा धातू लख्ख चमकला तर कल्हई नाही, चंदेरीच राहिलं तर आहे. नखाएवढा डाग असला तरी माझ्याकडे ते भांडं आंबट पदार्थांसाठी बाद, पाणी भरायला किंवा शोभेला. यावर घरात वाद होतात हे मला माहितीये, "एवढ्याशाने काय होतंय" वगैरे, आमच्याकडे आता होत नाहीत.

हा नियम माझ्या मनाचा नाही. कल्हई नीट नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं, गंजलेला डबा आणि टवके उडून गंजलेलं इनॅमलचं भांडं अन्नासाठी चालत नाही, असं आपल्याकडे अन्नभेसळीच्या जुन्या नियमांतही होतं आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०११ च्या नियमांतही आलं. म्हणजे मंडपवाला किंवा केटरर असलं भांडं देत असेल तर हक्काने परत करा. आम्ही नाही केलं, आम्ही फोटो काढले.

कल्हई करून घेताना

कल्हईवाला आता दारावर येत नाही, जुन्या बाजारात तांबट लोकांकडे चौकशी करावी लागते, पुण्यात तांबट आळी आहेच. समोर उभं राहून करून घ्या, बघायलाही मजा येते. भांडं भट्टीवर तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो (तेव्हा जरा लांब व्हा, खोकला येतो), मग कथलाची कांडी टेकवतात, ती लोण्यासारखी पाघळते आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवली की पिवळं भांडं क्षणात चांदीचं होतं, मग पाण्यात चर्र.

विचारायचं एकच, कथील शुद्ध आहे का. कथील महाग असतं, म्हणून त्यात शिसं मिसळायचा मोह होतो, आणि शिसं हे तांब्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण त्याने उलटी होऊन ते बाहेर पडत नाही, चूपचाप शरीरात साठतं, हाडांत जाऊन बसतं आणि लहान मुलांच्या मेंदूला मार देतं. पांढऱ्या फडक्याने चोळल्यावर काळं येतं का बघा असं काही जण सांगतात, पण ती काही पक्की टेस्ट नाही, शिसं डोळ्यांनी कळत नाही. ओळखीचा माणूस, दोन पैसे जास्त, आणि शंका असेल तर लॅबमध्ये तपासणी, बस.

कल्हई झाल्यावर ती टिकवा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे रिकामं भांडं मोठ्या गॅसवर विसरलात की कल्हईचे मणी होऊन तळाला गोळा. फोडणी कढल्यात वेगळी करून वरून ओता. तारेची घासणी नको. रोज वापरात असेल तर वर्षातून दोनदा तरी आत नीट बघा, तारखेची वाट बघू नका, डाग दिसला की पाठवा.

कशात काय ठेवायचं नाही

ताक, दही, कढी, सोलकढी, आगळ, पन्हं, लिंबू सरबत, चिंचेचा कोळ, टोमॅटोचं सार, लोणचं, मोरांबा. यातलं काहीही तांब्या-पितळेत ठेवायचं नाही, कल्हई असली तरी ठेवायचं नाही असंच धरून चाला. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी रात्रभर ठेवलं तर ठीक आहे, पण त्यातच लिंबू पिळून ऑफिसला नेणारे लोक मी स्वतः पाहिलेत, तेही जिमवाले. लिंबू-पाणी, इलेक्ट्रोलाइट पावडर, ताक, ज्यूस हे त्या बाटलीत नाही म्हणजे नाही.

आणि पंचामृत. हे कोणी बोलत नाही म्हणून बोलते. सत्यनारायणाला सकाळी तांब्याच्या तांब्यात पंचामृत कालवलं जातं, दही-दूध-मध-साखर-तूप, पूजा लांबते, गुरुजींना पुढची पूजा असते म्हणून ते उशिरा येतात, आणि दुपारी एक वाजता तेच पळी-पळीने तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर, त्यात तान्ह्या पोरांच्याही. पळीभर म्हणून निभावतं. चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत कालवा, देवाची काही तक्रार नसते. जुनी माणसं तांब्याच्या भांड्यात दूध-दही घेत नसत ते उगीच नव्हतं.

दूध तर मुळीच नाही. याला आपल्या पुण्याचाच इतिहास आहे आणि तो सगळ्यांना माहीत असायला हवा. एके काळी आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या आतल्या बाळांना लिव्हर खराब होण्याचा एक आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस, बहुतेक बाळं जायची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी शोध घेतला तेव्हा या बाळांच्या यकृतात तांबं प्रचंड सापडलं आणि धागा जाऊन पोचला तो वरचं दूध तापवायच्या आणि ठेवायच्या पितळी भांड्यांपर्यंत. दूध आंबट नसतं तरी त्यातलं प्रोटीन तांबं धरून ठेवतं. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर पेपर आला. पुढे घरोघरी स्टील आलं, भांडी बदला म्हणून आयांना सांगितलं गेलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासाच झाला. आता कोणी "बाळाचं दूध पितळेत तापवा, पारंपरिक आहे" असा व्हिडिओ पाठवला तर काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला कळलं.

जर्मन, पत्रा आणि स्टील

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट ठेवलं तर सहसा लगेच उलटी-बिलटी होत नाही, पण पदार्थ काळपट पडतो, भांड्याला बारीक खड्डे पडतात आणि ते गेलेलं ॲल्युमिनियम तुमच्या आमटीत असतं. शिजवून काढून घ्या एवढंच. खरी भीती भंगार वितळवून केलेल्या स्वस्त, वजनावर मिळणाऱ्या भांड्यांची, कारण भंगारात काय काय होतं कोणास ठाऊक. परदेशात राहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं म्हणून इशारा दिला. हिंडालियम म्हणजे ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू, आपली कढई असते ना तो. आई बॅगेत कोंबून देते तिला नाही म्हणता येत नाही, पण निदान जाड, मार्क असलेली, बिल मिळणाऱ्या दुकानातली घ्यायला सांगा.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे त्या बादल्या, पिंपं, टाक्या. यात पाणी भरा, अंघोळ करा, पण लग्नात आणि जत्रेत यातच सरबत किंवा मठ्ठा कालवतात ते चुकीचं आहे. जस्त आंबटात भराभर उतरतं आणि अर्ध्या-एक तासात पंगतच्या पंगत ओकायला लागते. शेकडो लोकांचं सरबत असेल तर फूड ग्रेड प्लास्टिकचं पिंप किंवा स्टीलचा पिंप भाड्याने घ्या.

स्टील सगळ्यात निवांत, पण त्यातही लोणचं-मिठातल्या कैऱ्या महिनोन् महिने नकोत, मीठ चांगल्या स्टीललाही टोचतं. ३०४ ग्रेडचं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं घ्या. दुकानदार चुंबक लावून "बघा चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल" म्हणतो त्यावर जाऊ नका, स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. आयएसआय मार्क आणि छापलेला ग्रेड बघा.

लोणच्याला काचेची किंवा चिनीमातीची बरणी. काचेची घेतली की लोक निर्धास्त होतात आणि झाकण विसरतात. परवा माझ्याच कैरीच्या बरणीचं झाकण उघडलं तर आतला पांढरा मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला, खाली तपकिरी गंज आणि त्याचा एक थेंब लोंबतोय, पडला असता तर थेट खारात. अशा झाकणाखाली बटर पेपर घाला किंवा प्लास्टिकचं झाकण घ्या.

विकतचे टिनचे डबे

रसगुल्ले, आमरस, अननसाच्या फोडी. डबा फुगलेला असेल, फोडताना फुस्स करून फवारा उडाला किंवा शिवणीवर चेपलेला-गंजलेला असेल तर चव बघण्यासाठी सुद्धा जिभेला लावायचा नाही, सरळ फेकायचा, बॉट्युलिझमचं, म्हणजे बंद डब्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष चवीला कळत नाही आणि चिमूटभर पुरतं. चांगला डबा असला तरी एकदा फोडला की उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढा. बंद डब्यात हवा नसते म्हणून आतलं कथील बऱ्यापैकी जागेवर राहतं, फोडल्यावर हवा आणि आंबट रस मिळून ते भराभर सुटतं. फ्रीजमध्ये अर्धा फोडलेला अननसाचा डबा फॉइल लावून ठेवलाय, असं असेल तर आत्ता उठा.

ज्या डब्यात दुसरं काही होतं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, वर लिहायला हवं होतं. १६ जुलै २०१३, बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव, प्राथमिक शाळेतलं मध्यान्ह भोजन. २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं, आणि ते तेल ज्यात ठेवलं होतं त्यात आधी कीटकनाशक होतं असं तपासात पुढे आलं. इथे तांबं-पितळ काही नाही, डबा कसलाही असता तरी हेच झालं असतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? गावाकडे फवारणीच्या विषाला आपण "औषध" म्हणतो, इथूनच घोळ सुरू होतो. औषधाचा डबा रिकामा झाला की तो चांगला जाड असतो, झाकण घट्ट बसतं, फेकवत नाही, धुऊन गोठ्यात पेंड नाहीतर घरात रॉकेल, आणि दोन वर्षांनी सुनेला माहीत नसतं म्हणून त्यात गोडेतेल. धुऊन जात नाही ते, शिवणीत आणि झाकणाच्या खाचेत राहतं. रिकामा झाला की फवारणीच्या टाकीतच तीनदा विसळून घ्या, मग खिळा ठोकून बुडाला भोकं पाडा म्हणजे कोणाला वापरायचा मोहच होणार नाही, विहिरीपासून आणि जनावरांपासून लांब ठेवा, जाळू नका. पेंट, थिनर, इंजिन ऑइलच्या पिंपांचंही तेच, बांधकामावर यातून प्यायचं पाणी देतात, दिसलं तर बोला.

झालंच तर काय करायचं

खाणं तिथेच थांबवा, पंगत चालू असेल तरी, लाज वाटू देऊ नका. चूळ भरायला लावा. मुद्दाम बोटं घालून उलटी काढू नका, आणि ॲसिडिटी समजून लिंबू-सोडा पाजू नका. उलटी थांबली की ओआरएस चमचा चमचा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, उलटीत-शौचात रक्त असेल, लघवी कमी झाली, सुस्ती आली तर थांबू नका. आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तोंडाला फेस, घाम, अंग थरथरतंय, श्वास लागतोय, तर तो कीटकनाशकाचा प्रकार असू शकतो, तिथे घरगुती काही नाही, १०८ ला फोन.

दवाखान्यात जाताना उरलेला पदार्थ स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि भांड्याच्या आतला फोटो काढा, घासायच्या आधी. आमच्याकडे काकूंनी घाईघाईत हंडा चिंचेने लख्ख घासून ठेवला होता, डॉक्टर विचारत होते कशातून प्यायले आणि आम्ही दाखवतोय काय, तर आरशासारखा चमकणारा हंडा. नशिबाने एका भाच्याने मघाशीच व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या हिरव्या वलयाचा फोटो टाकला होता, खाली "हे काय आहे" असं लिहून, आणि त्यावर सकाळपासूनच्या सवयीने सगळ्यांनी हात जोडलेत.